मधोमध एक स्वच्छ चौकोन

सोमवार, २ मार्च

नवी वही. प्रात्यक्षिकांच्या नोंदींसाठी बाबांनी एक दिलीच आहे, पण तिच्यात ‘ग्राहकाचे मत’ असा रकाना आहे, ‘माझे मत’ असा नाही. म्हणून ही वेगळी.

आधी सगळं नीट मांडून ठेवते, कारण अर्धवट सुरुवात आईला चालत नाही आणि मला आईनेच शिकवलंय. दहा वर्षांची होईपर्यंत मी शाळेचं तोंड पाहिलं नाही. बाबा वॉलपेपर चिकटवायचे. काम जिथे निघेल तिथे आमचं बिऱ्हाड. मी अक्षरं गिरवली ती उरलेल्या वॉलपेपरच्या पाठीवर. गणितही आईने कागदाच्याच पट्ट्यांवर शिकवलं. शेजारच्या पट्टीशी नक्षी जुळली तर उत्तर बरोबर. केसभर सरकली तरी काढा, खळ पुसा, पुन्हा लावा. पुढे शाळेत बाई ‘जवळजवळ बरोबर’ म्हणाल्या की मला रडू फुटायचं. चूक तशीच सोडली तर माझ्या घशाखाली घास उतरत नाही. ही तक्रार नाही, माहिती आहे.

गेल्या वर्षी एका उंच जिन्यात बाबा शिडीवरून पडले. पाय मोडला, जुळला, आता थोडे लंगडतात. अंथरुणात पडल्या पडल्या त्यांनी एक वस्तू बनवली: एकात एक सरकणाऱ्या तीन नळ्यांचा दांडा, टोकाला मान वळवणारं तिकोनी डोकं, डोक्यावर कोरडा मऊ स्पंज. छतासाठी स्पंजावर चढवायची एक कापडी टोपी असते, ती आई शिवते. पाणी नको, साबण नको, शिडी नको. वॉलपेपरवरची धूळ, छतावरची काजळी, कोपऱ्यातली जाळी, सगळं जमिनीवर उभं राहून निघतं. बाबांनी तिचं नाव ‘गगनमार्जक’ ठेवलं होतं. आत्या म्हणाली, “दादा, हे नाव उच्चारेपर्यंत गिऱ्हाईक दार लावून घेईल.” मग ‘लांबहात्या’ ठरलं.

मागच्या खोलीत इतके लांबहात्ये उभे आहेत की खिडकी दिसेनाशी झालीय. घरात होतं नव्हतं ते त्यात गेलंय.

आज जेवताना आत्याने विचारलं, “आणि नाही खपले तर?”

बाबा ताटाकडे बघत म्हणाले, “नाही खपले तर काय, शिडी आहेच.”

आईचा हात भांड्यातच थांबला. मला धडकी भरली. बाबांचा शिडीवर किती जीव आहे, आणि पुन्हा वर चढायची किती घाई! आता लांबहात्या खपलाच पाहिजे. म्हणून परवापासून विकायला मीही जाणार. मला विकता येत नाही, हे इथे प्रामाणिकपणे लिहून ठेवते.

बुधवार, ४ मार्च

पहिलं प्रात्यक्षिक. दातांच्या डॉक्टरांचा दवाखाना. रुग्ण बसतात त्या खोलीत फिकट हिरवा कागद, वर बारीक पानं. डॉक्टर म्हणाले, “दाखवा.”

दुसऱ्याच्या भिंतीवर प्रयोग करायचा तर तो दिसणार नाही अशा जागी करावा, एवढं मला कळतं. मी कपाट सरकवलं आणि त्याच्या मागे पुसलं. काय सुंदर निघालं! पानांचा खरा रंग पोपटी होता. मग मी कपाट होतं तिथे परत नेऊन ठेवलं.

डॉक्टर हात पुसत बाहेर आले. “झालं? कुठे?”

“कपाटामागे.”

ते बराच वेळ कपाटाकडे बघत राहिले. मी सांगितलं की लांबहात्या रेशमी कागदावर चालत नाही, तेलाच्या डागाला उपयोगाचा नाही, स्पंज वेळच्या वेळी झटकला नाही तर पट्टे उमटतात, आणि डोकं उलट फिरवलं तर निघून हातात येतं. डॉक्टर म्हणाले, “तुम्ही फार चांगल्या आहात.” कपाट सरकवल्यामुळे त्यांचा हरवलेला प्लास्टरचा जबडा सापडला, म्हणून त्यांनी दोनदा आभार मानले.

ग्राहकाचे मत: समाधानी. विक्री नाही.

गुरुवार, ५ मार्च

शिडीच्या तिसऱ्या पायरीचा स्क्रू ढिला झालाय, नुसता हात लावला तर पायरी डुगडुगते. हे आधी कसं दिसलं नाही? लगेच नवा, लांब स्क्रू आणून पक्का पिळला. बाबा दारात उभे राहून बघत होते. बहुतेक भरून आलं असावं.

शनिवार, ७ मार्च

आज आत्या म्हणाली, “न्यायमूर्ती, आज माझ्याबरोबर चला आणि तोंडाला कुलूप लावा.” चिडवायचं असलं की ती मला न्यायमूर्ती म्हणते, अहो-जाहो करून.

शिवणकाम करणाऱ्या एका काकूंकडे गेलो. भिंतीला मोठ्या फुलांचा कागद, इस्त्रीच्या वाफेने आणि सुताच्या धुळीने करडा झालेला. काकू म्हणाल्या, “आमची भिंत तशी स्वच्छच आहे हो.”

“आहेच!” आत्या म्हणाली. “मी आपली गंमत दाखवते.” आणि तिने लांबहात्या उचलून भिंतीच्या बरोबर मधोमध, दारातून शिरताच डोळ्यात भरेल अशा जागी, ट्रेएवढा एक चौकोन पुसला. चारी कडा सरळ. आत गुलाबी फूल झळकलं, बाहेर सगळी फुलं आजारी. आत्याने दांडा मिटला, चहा घेतला, काकूंच्या सुनेची चौकशी केली आणि उठली.

काकू भिंतीकडेच बघत होत्या. “आणि बाकीची भिंत?”

“ती तशी स्वच्छच आहे ना,” आत्या म्हणाली.

जिन्यात मी म्हटलं, “आत्या, ही फसवणूक आहे.”

“कुठे खोटं बोलले? एक शब्द दाखव.”

“शब्द नाही. पण तो चौकोन—”

“चौकोन खोटं बोलतो का? तो एकटाच खरं बोलतोय त्या भिंतीवर. आता बघ, जेवताना, शिवताना, पाहुणा आला की, तो चौकोन त्यांच्याकडे बघत राहील. दोन दिवसांत येतील धावत.”

मला जेवण गेलं नाही. डोळ्यांसमोर ती एकटी गुलाबी फुलाची जागा.

मंगळवार, १० मार्च

काकू आल्या नाहीत, कारण मीच गेले. काल दुपारी आत्या बाहेर पडल्यावर एक लांबहात्या पिशवीत घालून गेले आणि काकूंची उरलेली भिंत पुसून दिली. चारी भिंती पुसल्या, एक पुसून तीन ठेवणं म्हणजे आणखी मोठा चौकोनच. मग छतही. काकू आधी ‘कशाला गं बाळ’ म्हणत होत्या, नंतर ‘त्या कोपऱ्यातही जरा’ म्हणू लागल्या. एक पैसा घेतला नाही. घरी येऊन पोटभर जेवले.

आज पुस्तकं बांधणाऱ्या आजोबांकडेही जाऊन आले. तिथेही आत्याचा चौकोन होता.

शुक्रवार, १३ मार्च

घरात बारीकसारीक गोष्टी बिघडतायत, आणि कुणाचं लक्ष नाही.

एक: शिडीचे दोन पाय फाकू नयेत म्हणून मध्ये जी जाड दोरी असते, ती गायब. तिच्याशिवाय शिडी उघडली तर सपाट लोळण. बाबांना विचारलं तर म्हणाले, “उंदरांनी नेली असेल.” आख्खी? मी बाजारातून नवी आणून दोन्ही टोकांना दुहेरी गाठ मारली. (आईने मागे कपडे वाळत घालायला नवी दोरी बांधलीय. छान जाड आहे, वजनाला वाकत नाही.)

दोन: शिडी मागच्या खोलीत सगळ्या लांबहात्यांच्या मागे कुणीतरी कोंबून ठेवली होती. बाबांना अचानक लागली तर? दुपारभर खपून वाट मोकळी केली आणि शिडी दाराशी, हाताला लागेल अशी ठेवली.

तीन: जिन्यातला दिवा जाऊन महिना झाला. तो फार उंचावर आहे. बाबांना म्हटलं तर म्हणतात, “अंधारात डोळ्यांना आराम पडतो.” आत्या आज वर येताना दुधाचं भांडं घेऊन पडता पडता वाचली. म्हणाली, “मलाही फार आराम पडला, दादा.”

बाबा आजकाल बसून काम करतात. खुर्चीत, दोन्ही पाय जमिनीवर, आणि लांबहात्याने छत पुसतात. छत पुसून झालं की टेबलही लांबहात्यानेच. माणसाला स्वतःच्या निर्मितीचा एवढा अभिमान असावा.

मंगळवार, १७ मार्च

फुटलं.

आत्या सकाळी एका नव्या घरी चौकोन पुसून आली. त्या घरच्या बाईंनी चौकोन बघितला, मान डोलावली आणि विचारलं, “छान. मग मुलगी कधी येणार?”

“कुठली मुलगी?”

“ती हो, मागाहून येऊन बाकीचं पुसून देते ती. शिवणाऱ्या काकू सांगत होत्या. गुरुवारी जमेल का? गुरुवारी पाहुणे आहेत.”

आत्या घरी येऊन पिशवी खाली ठेवायच्या आधीच सुरू झाली. “वहिनी, ऐकलंत? मी चौकोन पेरत जाते आणि ही मागून पीक फुकट वाटत जाते! गावभर आमची ख्याती झालीय. लांबहात्या कशाला विकत घ्यायचा, तो तर मुलीसकट घरी येतो!”

मी म्हटलं, “अर्धवट भिंत सोडून येववत नाही मला.”

“मग पैसे तरी घे!”

“पैसे कसे घेऊ? मळलेली आपणच दाखवली ना?”

आत्याने कपाळावर हात मारला. आई शिवण खाली ठेवून शांतपणे म्हणाली, “वन्सं, चूक माझी. मीच तिला पट्ट्या जुळवायला शिकवलं.” बाबा मात्र दाराशी ठेवलेल्या शिडीकडे एकदा बघून आत गेले.

मला समजलं. मी विक्री बुडवली, म्हणजे बाबांना शिडीकडे मीच ढकललं. आज घास उतरण्याचा प्रश्नच नव्हता, ताटावर बसलेच नाही.

बुधवार, १८ मार्च

नशीब कुठून येईल सांगता येत नाही. स्टेशनजवळच्या लॉजच्या मालकीणबाई स्वतः आल्या. जाडजूड, मोठ्या आवाजाच्या, हातात किल्ल्यांचा जुडगा. तीन मजले, सगळ्या खोल्यांना वॉलपेपर, आणि खाली जेवणाचा उंच हॉल. म्हणाल्या, “तुमच्याकडे एक मुलगी आहे म्हणे, स्वतःच्याच मालाचे दोष सांगते. मला ती बघायची होती.”

आत्याने मला पुढे ढकललं, आणि मागून कानात म्हणाली, “थोडेच सांग.”

मी सगळे सांगितले. रेशमी कागद, तेल, पट्टे, उलट फिरवलं तर निघणारं डोकं. मालकीणबाईंचा चहा गार झाला. शेवटी त्या म्हणाल्या, “इतकी वर्षं माल घेतेय, पण खोड सांगून विकणारं पहिल्यांदा बघतेय. शनिवारी हॉलमध्ये येऊन दाखवा. पसंत पडला तर प्रत्येक मजल्याला घेते, आणि आमच्या लॉजवाल्यांच्या मंडळातही सांगते.”

त्या गेल्यावर आत्याने मला स्वतःच्या हाताने चहा करून दिला, हे नोंदवून ठेवण्यासारखं आहे.

संध्याकाळी शनिवारसाठी बाबांचा कोट ब्रशने साफ करत होते. खिशात काहीतरी कडक लागलं. बघते तर शिडीच्या पायाचा रबरी बूट! बाबा शिडीचा बूट खिशात घेऊन फिरतात. इतका जीव! माझे डोळे भरून आले. तो तसाच खिशात ठेवला आणि शिडीच्या उघड्या पायाला दुसरा आणून घातला, म्हणजे बाबांची आठवणही राहील आणि शिडीही घसरणार नाही.

शुक्रवार, २० मार्च

उद्याचा बेत ठरला. आत्या पुसणार, बाबा सोबत उभे राहणार कारण मालकीणबाईंना बनवणारा माणूस बघायचाय, मी दुसरा लांबहात्या धरून गप्प राहणार. चौकोन छताच्या मधोमध.

“मधोमध झुंबर आहे,” मी म्हटलं.

“मग झुंबराशेजारी.”

“आणि बाकीचं छत?”

“बाकीचं छत,” आत्या दात-ओठ खात म्हणाली, “मालकीणबाईंची माणसं पुसतील. आपल्याकडून विकत घेतलेल्या लांबहात्याने. त्यालाच धंदा म्हणतात, न्यायमूर्ती.”

हे मला पहिल्यांदाच पटल्यासारखं वाटलं. पूर्ण नाही.

शनिवार, २१ मार्च

घाईत लिहितेय, अक्षर वाईट येईल.

हॉल फारच उंच. मधोमध पितळी झुंबर, त्याला वाकड्या शिंगांसारखे हात. मालकीणबाई, त्यांचा आचारी आणि माळी, सगळे माना वर करून उभे. आत्याने तीनही नळ्या पूर्ण ओढल्या, पदर खोचल्यासारखा आव आणला आणि छतावर चौकोन पुसायला घेतला. खरंच सुंदर निघत होता. माळ्याच्या तोंडून “अरे वा” निघालं. आणि त्या ‘अरे वा’नेच घात केला. आत्याला आणखी रुबाब दाखवायचा होता. तिने झुंबरामागच्या कोपऱ्यात वळायला दांडा फिरवला. उलटा.

डोकं सुटलं. टोपीसकट झुंबराच्या एका हातावर जाऊन लटकलं. एखाद्याने घाईत टोपी टांगून ठेवावी तसं.

सगळे वरच बघत राहिले. मालकीणबाई मात्र माझ्याकडे वळल्या. “तू सांगितलं होतंस. उलट फिरवलं तर निघतं.” मग माळ्याला म्हणाल्या, “जा, शिडी आण.”

माळी शिडी घेऊन आला. चांगली, जाडजूड, नवीच शिडी. झुंबराखाली उघडून ठेवली आणि सगळे बाबांकडे बघू लागले. “तुमचा जन्म या कामात गेला ना?” मालकीणबाई हसत म्हणाल्या. “चढा की.”

बाबा म्हणाले, “हो, हो. चढतो ना.” ते शिडीपाशी गेले. उजवा हात शिडीवर ठेवला. डावा कोटाच्या खिशात होता, आणि खिशाच्या कापडातून मूठ दिसत होती. त्या मुठीत काय आहे हे मला माहीत होतं. एक पाय पहिल्या पायरीवर. मग ते तिथेच थांबले आणि वर बघू लागले. मी त्यांचा चेहरा बघितला. कपाळाला घाम, ओठ पांढरे.

शिडीवर जीव असलेला माणूस शिडीकडे असं बघत नाही.

ढिला स्क्रू. गायब दोरी. कोंबून ठेवलेली शिडी. जिन्यातला अंधार. खिशातला बूट. दोन पट्ट्यांची नक्षी एकदम जुळावी तसं सगळं समोर सरळ लागलं. आणि प्रत्येक वेळी मीच ती शिडी दुरुस्त करून, पुसून, दाराशी आणून ठेवत होते.

बाबांनी दुसरा पाय उचलला, आणि मी म्हणाले, “थांबा. ही शिडी कच्ची आहे.”

माळी म्हणाला, “नवीन आहे हो!”

“उजव्या पायाला चीर गेलीय.”

सगळे वाकले. “दिसत नाही,” आचारी म्हणाला.

“आतून आहे,” मी म्हणाले.

आयुष्यातलं पहिलं खोटं, आणि ते आतून आहे म्हणे! आत्याने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, जशी मी एकाएकी परकी भाषा बोलायला लागले होते.

मालकीणबाईंनी छातीवर हात ठेवला. “अरे देवा. आणि कालच माझी दोन माणसं हिच्यावर चढून पडदे लावत होती! बाजूला व्हा, उतरा तुम्ही आधी!” बाबा उतरले. म्हणजे एक पायरी. मी माझ्या हातातला लांबहात्या त्यांना दिला. त्यांनी दोन्ही पाय जमिनीवर रोवले, दांडा वर सरकवला आणि एका हलक्या झटक्यात झुंबरावरचं डोकं उचलून खाली आणलं, जसं झाडावरचं फळ उतरवावं. टोपीतून थोडी धूळ आचाऱ्याच्या डोक्यावर पडली, एवढंच.

मालकीणबाई म्हणाल्या, “बस. शिड्या बंद. मला सगळ्या मजल्यांना हेच हवेत.”

घरी दारात पोचल्यावर बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, आणि लगेच काढून घेतला, मला शिंक आली म्हणून.

रविवार, २२ मार्च

माळी भेटला. खुशीत होता. “शिडी कापली हो. मालकीणबाई म्हणाल्या, कुणाचा जीव जायच्या आधी तोड. वेलींना छान टेकू झाले. लाकूड मात्र पक्कं निघालं, करवत चालेना. चीर फारच आत असेल.”

चांगली शिडी. माझ्या एका शब्दाने तिचे टेकू झाले.

घरी येऊन ताटावर बसले, उठले. आईने शिवण खाली ठेवली आणि विचारलं. मी सगळं सांगितलं, शिडीचं, खोट्याचं, बाबांचं. “आई, बाबांना भीती वाटते. ते आपल्याच शिडीची मोडतोड करत होते. त्या लंगड्या पायाने वाकून, स्क्रू काढून—”

“छे,” आई म्हणाली. “त्यांना कुठलं वाकवतंय. स्क्रू मी ढिला केला.”

मी बघतच राहिले.

“आणि दोरी?”

“रोज तिच्यावर तुझे कपडे वाळतात. बरी तुझी नजर.”

“मला सांगायचं तरी!”

“तुला सांगितलं असतं तर कुणी विचारल्यावर तू काय सांगितलं असतंस?”

मी ताट पुढे ओढलं, पुन्हा सरकवलं.

“पण मी लॉजची शिडी तोडायला लावली, आई. भरून द्यायला हवी.”

आईने सुईत दोरा ओवला. “मग आपली दे. तू एवढी पक्की करून ठेवलीयस.”

सोमवार, २३ मार्च

सकाळी शिडी लॉजवर पोचवली. बाबांनी मला हात लावू दिला नाही. खांद्यावर टाकून स्वतः निघाले, लंगडत, पण शीळ घालत. एवढ्या आनंदाने शिडी उचलताना मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. वाटेत ओळखीचे थांबवून विचारायचे, “काय, पुन्हा कामाला?” बाबा म्हणायचे, “छे! देऊन टाकतोय!”

लॉजवर मी मालकीणबाईंना बाजूला घेऊन सांगितलं, “मी शनिवारी खोटं बोलले. तुमच्या शिडीला चीर नव्हती.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि हसू लागल्या. “माळ्याला बोलणी बसली म्हणून त्याला वाचवतेस होय?”

“नाही हो, खरंच चीर नव्हती.”

“बाळ, जी मुलगी स्वतःच्या मालाचा पट्टा उमटतो हे चहा गार होईपर्यंत सांगते, ती माझ्या शिडीबद्दल खोटं बोलेल? जा, दुसऱ्या कुणाला तरी वेड्यात काढ.” तेवढ्यात त्यांनी आमची शिडी बघितली. “आणि वर ही दिलीस! धन्य आहेस.”

तीनदा सांगून बघितलं. तिसऱ्यांदा त्यांनी माझ्या हातात बिस्किटांचा पुडा कोंबला आणि आचाऱ्याला हाक मारून म्हणाल्या, “बघ, अशी माणसं असतात.” खरं सांगूनही ते पोचत नसेल तर पुढे काय करायचं, हे आईने शिकवलेलं नाही.

गुरुवार, २६ मार्च

लॉजवाल्यांच्या मंडळातून दोन जण येऊन गेले. मागच्या खोलीची खिडकी वरून थोडी दिसायला लागलीय.

बाबांनी आज नवीन उद्योग केला. खिशातला रबरी बूट काढला, उलटा करून लांबहात्याच्या टोकावर घट्ट बसवला आणि जिन्यात गेले. आम्ही सगळे मागोमाग, भिंतीला धरून, कारण अंधार. बाबांनी खालच्या पायरीवर बसून दांडा वर सरकवला. बूट जुन्या दिव्यावर वाटीसारखा बसला. हळूहळू फिरवून दिवा काढला, नवा त्याच वाटीत ठेवून वर नेला, फिरवला.

“वहिनी, बटण,” आत्या म्हणाली.

आईने बटण दाबलं आणि उजेड पडला.

दीड महिन्याने आपला जिना दिसत होता. छत जळमटांनी आणि धुराने काळवंडलेलं, आणि त्याच्या बरोबर मधोमध, चारी कडा सरळ, एक स्वच्छ चौकोन.

आम्ही आत्याकडे बघितलं.

“असं काय बघता? कुठेतरी सराव करायला नको का मला?” आत्या म्हणाली. “विजेरी दातात धरून केलाय. कडा बघा कडा.”

मी काही न बोलता लांबहात्या घेतला, टोपी चढवली आणि उरलेलं छत पुसायला लागले. बाबा पायरीवर बसून सांगत होते, “एकावर एक हात घे. घाई नको. झटक मध्ये.” आत्या म्हणाली, “बघितलंस, दादा? चौकोन सगळ्यांवर चालतो. आपल्या न्यायमूर्तींवरसुद्धा.”

कोपरे झाले, कडा झाल्या, सगळं लखलखीत झालं. मग मान वर करून बघितलं. आत्याने सराव केला त्याला दिवस झाले होते, त्यावर नवी धूळ बसली होती. आता सगळ्या स्वच्छ छताच्या मधोमध एकच मळका चौकोन उरला होता.

आईने वरून हाक मारली, “वाढलंय गं, निवतंय.”

मी थोडा वेळ बघत राहिले. मग दांडा मिटवून भिंतीला टेकवला, दिवा तसाच ठेवला आणि वर गेले. दोनदा वाढून घेतलं.